कॅल्क्युलेटर ‘पहिल्यासारखा’ करायचा म्हणजे नेमकं काय पुसायचं?

रविवारी सकाळी सात वाजता, चहाचं आधण गॅसवर असताना, न्यू जर्सीहून पुतणीचा फोटो आला. तिथे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. फोटोत तिचा ग्राफिंग, म्हणजे आलेख काढून दाखवणारा, कॅल्क्युलेटर: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) या कंपनीचा टीआय-८४ प्लस सीई. पडद्यावर साइन ३० आणि समोर उत्तर: -.९८८०३१६२४१. खाली तिचा प्रश्न: ‘काका, हा बिघडलाय. फॅक्टरी रिसेट कसा करतात?’

मी पुण्यात गणिताच्या शिकवण्या घेतो. साइन ३० म्हणजे अर्धा, हे आपल्याकडे दहावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगतो, त्यामुळे तिची शंका रास्त होती. पण मी तिला लिहिलं, ‘रिसेट केलास तरी हेच उत्तर येईल.’

उत्तर चुकीचं नव्हतं. कॅल्क्युलेटरने तिचे ३० अंश न धरता ३० रेडियन धरले होते, एवढंच. एक रेडियन म्हणजे साधारण ५७.३ अंश. म्हणजे ३० रेडियन झाले जवळजवळ १७१९ अंश. त्यातून चार पूर्ण फेऱ्यांचे १४४० वजा करा, उरतात २७९. कोन २७० च्या थोडा पुढे गेला की साइन उणे एकच्या अगदी जवळ असतो. म्हणून -०.९८८. यंत्राने चोख काम केलं होतं. फक्त विचारणारी एका भाषेत बोलत होती आणि ऐकणारा दुसऱ्या.

आता खरी गंमत. टीआय-८४ कारखान्यातून येतो तोच रेडियनवर लावून. म्हणजे ज्या ‘मूळ सेटिंग’कडे परत जायची तिला घाई झाली होती, तिथेच ती आधीपासून उभी होती. रिसेट केला असता तर तिच्या याद्या गेल्या असत्या, साठवलेली समीकरणं गेली असती, आणि साइन ३० पुन्हा -०.९८८ आलं असतं. मग मात्र तिची खात्रीच पटली असती की यंत्र कायमचं गेलं.

कंपनीने रेडियन का निवडलं? कारण कॅल्क्युलसमध्ये कोन रेडियनमध्ये असेल तरच साइनचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, सरळ कोसाइन येतो. अंशात मोजलं तर प्रत्येक पायरीला π भागिले १८० चं शेपूट लागतं. आलेख काढणारं यंत्र आहे, तेव्हा आलेखाच्या सोयीचं एकक. उलट आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या दप्तरात जो कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस असतो, तो रिसेट केला की अंशावर येतो. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने ‘मूळ’ स्थितीतच असतात. मूळ सेटिंग म्हणजे बरोबर सेटिंग, असा एक समज घट्ट बसलेला असतो. प्रत्यक्षात ती कुणीतरी कुणासाठी तरी केलेली निवड असते, आणि तो कुणीतरी तुम्ही असालच असं नाही.

पुतणीला उपाय सांगितला तो दहा सेकंदांचा. मोडची कळ दाबायची, बाणाने खाली येत ‘डिग्री’वर जायचं, एंटर. आणि मोड बदलायचाच नसेल तर आणखी एक सोय आहे: ‘सेकंड’ नावाची कळ दाबून अँगलचा मेन्यू उघडायचा आणि ३० च्या पुढे अंशाचं चिन्ह टाकायचं. मग यंत्र रेडियनवर असलं तरी उत्तर .५ येतं. वर्गात अर्धा तास अंशात आणि अर्धा तास रेडियनमध्ये गणितं चालतात तेव्हा हे फार कामाला येतं.

पण तिचा प्रश्न मनात राहिला. रिसेट कसा करतात, हे विचारणारे माझ्याकडे दर महिन्याला एक-दोघं तरी येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना रिसेटची गरज नसते. ज्यांना असते, ते हवं त्यापेक्षा जास्त पुसून बसतात. याचं कारण असं की ‘रिसेट’ हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या स्वयंपाकघराचा विचार करा. ओट्यावर आत्ता लागणारं सामान पसरलेलं असतं. वर माळ्यावर रोज न लागणारं, पण टाकायचं नाही असं सामान ठेवलेलं असतं. आणि गॅस मोठा ठेवायचा की बारीक, खिडकी उघडी की बंद, ही झाली मांडणी. ओटा आवरणं, माळा रिकामा करणं आणि गॅस बारीक करणं ही तीन वेगळी कामं आहेत. ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्येही तेच.

ओटा म्हणजे रॅम. तुम्ही टाईप केलेली समीकरणं, एल-१, एल-२ अशा याद्यांतले आकडे, ए पासून झेडपर्यंतच्या अक्षरांत साठवलेल्या किमती, मॅट्रिक्स, नुकतेच लिहिलेले प्रोग्रॅम हे सगळं इथे असतं. रॅमला सतत वीज लागते. माळा म्हणजे आर्काइव्ह. ही फ्लॅश मेमरी. वीज गेली तरी तिथलं सामान जागेवर राहतं. अ‍ॅप्स इथेच असतात, आणि तुम्ही मुद्दाम वर चढवलेले प्रोग्रॅमही. मांडणी म्हणजे मोडच्या पडद्यावरच्या निवडी, आलेखाची खिडकी, कुठला प्लॉट चालू आणि कुठला बंद, वगैरे. या सगळ्याच्या खाली भिंती आणि छप्पर: यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम. तिला यातला कुठलाही रिसेट हात लावत नाही. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

आकार किती, तर २००४ साली आलेल्या टीआय-८४ प्लसमध्ये वापरायला मिळणारा रॅम आहे २४ किलोबाइट आणि आर्काइव्ह ४८० किलोबाइट. २०१५ च्या रंगीत सीईमध्ये रॅम १५४ किलोबाइट आणि आर्काइव्ह ३ मेगाबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ‘सुप्रभात’चं चित्रसुद्धा कधीकधी त्या रॅममध्ये मावणार नाही. तरी १९८५ सालच्या कॅसिओ एफएक्स-७००० जी या पहिल्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या मानाने ही चैनच. त्याच्याकडे प्रोग्रॅमसाठी ४२२ बाइट होते. बाइट, किलोबाइट नव्हे.

आता प्रत्यक्ष कळा. टीआय-८४ प्लसवर आधी सेकंड, मग अधिकची कळ; तिच्या वर बारीक अक्षरांत ‘मेम’ लिहिलेलं असतं. मेमरीचा मेन्यू उघडतो. त्यात सातव्या क्रमांकाला ‘रिसेट’. तो निवडला की वरच्या बाजूला तीन कप्पे दिसतात: रॅम, आर्काइव्ह आणि ऑल. उजव्या-डाव्या बाणाने एकातून दुसऱ्यात जाता येतं. घाईत असलेला माणूस इथेच थेट तिसऱ्या कप्प्यावर जातो, कारण ‘ऑल’ म्हटलं की काही राहून गेल्याची चुटपुट लागत नाही. इथे जरा थांबायचं.

पहिल्या कप्प्यात दोन पर्याय असतात: ‘ऑल रॅम’ आणि ‘डिफॉल्ट्स’. शंभरातल्या बहुतेक वेळा तुम्हाला हवा असतो हा दुसरा, आणि बिचाऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. डिफॉल्ट्स फक्त मांडणी पूर्ववत करतो. मोड पुन्हा नॉर्मल, फ्लोट, रेडियन, फंक्शनवर येतात. आलेखाची खिडकी दोन्ही अक्षांवर -१० ते १० होते. स्टॅट प्लॉट, म्हणजे याद्यांतल्या आकड्यांचे आलेख, बंद होतात. तुमचे प्रोग्रॅम, याद्या, मॅट्रिक्स यांना धक्का लागत नाही. यंत्र विचारतं, नको की रिसेट. दोन दाबलं की ‘डिफॉल्ट्स सेट’ असा निरोप येतो आणि काम संपतं. हो, त्यानंतर अंश पाहिजे असतील तर मोडमध्ये जाऊन पुन्हा डिग्री करायला विसरू नका, नाहीतर आपण पुतणीच्या जागी.

‘ऑल रॅम’ म्हणजे ओटा धुऊन पुसून लख्ख. याद्या, किमती, समीकरणं, रॅममधले प्रोग्रॅम सगळं जातं, आणि सोबत मांडणीही मूळ पदावर येते. पडद्यावर येतं ‘रॅम क्लिअर्ड’. माळ्यावरचं सुरक्षित. जुन्या कृष्णधवल मॉडेलवर यानंतर कधीकधी पडदा कोराच दिसतो आणि पोरांचा चेहराही. घाबरण्यासारखं काही नाही. पडद्याचा गडदपणाही मूळ पदावर गेलेला असतो. सेकंड दाबून सोडायचं आणि वरचा बाण धरून ठेवायचा, अक्षरं हळूहळू वर येतात.

रॅम पुसण्याआधी एखादा प्रोग्रॅम वाचवायचा असेल तर त्याला माळ्यावर चढवा. त्याच मेमरीच्या मेन्यूत पाचवा पर्याय ‘आर्काइव्ह’. तो निवडायचा, मग प्रोग्रॅमच्या यादीतून नाव, आणि एंटर. यादीत त्या नावाच्या डावीकडे छोटी चांदणी उमटते, ती दिसली की नाव माळ्यावर पोचलं. एक अडचण अशी की जुन्या टीआय-८४ प्लसवर माळ्यावरचा प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने तिथल्या तिथे चालवता येत नाही. चालवायचा तेव्हा सहाव्या पर्यायाने, अन-आर्काइव्हने, खाली ओट्यावर आणावा लागतो. जास्त चोख मार्ग म्हणजे केबलने कॉम्प्युटरला जोडायचं आणि टीआय कनेक्ट सीई या मोफत सॉफ्टवेअरने प्रत उतरवून ठेवायची. केबल मात्र मिनी यूएसबी लागते, आजकालच्या फोनची चालत नाही. घरातल्या जुन्या केबलींच्या गुंत्यात, एखाद्या जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली, बहुधा सापडते.

वीज काढून घेणं हाही काहींचा लाडका उपाय. टीव्ही बंद करून चालू करतात तसं. टीआय-८४ प्लसमध्ये ट्रिपल-ए आकाराच्या चार बॅटऱ्या असतात, आणि त्यांच्याखेरीज आत बटणासारखा एक छोटा सेल. चार बॅटऱ्या बदलताना रॅम जिवंत ठेवणं हे त्या सेलचं काम. म्हणून नुसत्या चार बॅटऱ्या काढल्या म्हणजे सगळं पुसलं, असं होत नाही. आणि दोन्ही एकदम काढलं तर मात्र रॅम जातो. कंपनीच्या पुस्तिकेत दोन्ही एकाच वेळी काढू नका असं म्हटलंय ते म्हणूनच. सीईमध्ये चार्ज होणारी लिथियमची बॅटरी आहे आणि पाठीमागे टाचणीने दाबायचं रिसेटचं छोटं बटण. यंत्र पूर्ण अडकलं, कुठलीच कळ चालेना, तर ते दाबायचं. पण ते दाबल्यावर रॅम साफ होतो हे माहीत असू द्या. नुसतं झोपेतून उठवणारं बटण नाही ते.

आता ज्या तक्रारींसाठी लोक रिसेटकडे धावतात, त्यांच्याबद्दल थोडं, कारण माझ्या अनुभवात इथेच सगळ्यात जास्त नुकसान टळतं.

आलेखच दिसत नाही, पडदा रिकामा. समीकरण बरोबर असतं, पण खिडकी भलतीकडे उघडी असते. वर्गात मागच्या तासाला कुणीतरी वायची मर्यादा हजारांत नेलेली असते. झूमची कळ आणि सहा, म्हणजे झेड-स्टँडर्ड, की खिडकी -१० ते १० वर येते. तरीही दिसेना तर तुमचा आलेख खरोखरच त्या चौकोनाबाहेर असेल. मग वायची किंमत किती येते ते टेबलमध्ये पाहून खिडकी स्वतः ठरवा. वाय बरोबर एक्सचा वर्ग अधिक ५० हा आलेख -१० ते १० मध्ये जन्मात दिसणार नाही, कारण तो ५० च्या खाली येतच नाही.

‘एरर: इनव्हॅलिड डायमेन्शन’. हा पोरांना फार छळतो. आलेख काढायला जावं आणि यंत्राने मितीची भाषा करावी. कारण साधं असतं: मागे कधीतरी आकडेवारीच्या तासाला स्टॅट प्लॉट चालू केलेला असतो आणि आता त्याच्या याद्या रिकाम्या आहेत. यंत्र बिचारं सरळ रेषेबरोबर तो प्लॉटही काढायला जातं आणि अडखळतं. सेकंड, वाय इक्वल्स (समीकरणं लिहायची कळ), आणि चौथा पर्याय ‘प्लॉट्स ऑफ’, मग एंटर. झालं.

एल-१ ची आख्खी यादीच गायब. यादीतले आकडे पुसायला गेलेला मुलगा शीर्षकावर उभा राहून क्लिअरऐवजी डेल दाबतो, आणि रकानाच नाहीसा होतो. यादी मेलेली नसते, फक्त पडद्यावरून उठून गेलेली असते. स्टॅट, पाच, म्हणजे ‘सेटअप एडिटर’, एंटर. एल-१ ते एल-६ पुन्हा ओळीत उभ्या, आणि आकड्यांसकट. हे एकदा दाखवलं की पोरं माझ्याकडे जादूगारासारखी पाहतात, आणि मीही फारसा विरोध करत नाही.

कधी वाय इक्वल्सच्या पडद्यावर अनोळखी चिन्हं दिसतात, किंवा एका वेळी एकच समीकरण चालू राहतं. कुणीतरी ट्रान्सफॉर्मेशन ग्राफिंगसारखं अ‍ॅप चालू करून तसंच सोडलेलं असतं. अ‍ॅप्समध्ये जाऊन तेच अ‍ॅप पुन्हा उघडायचं आणि ‘अनइन्स्टॉल’ निवडायचं. शब्द भयंकर आहे, पण अ‍ॅप पुसलं जात नाही. ते फक्त बाजूला होतं. उत्तरं सगळी दहाच्या घातात येत असतील तर मोडमध्ये ‘साय’ निवडलं गेलंय, तिथे ‘नॉर्मल’ करा.

या पाचांपैकी एकाही दुखण्याला ‘ऑल रॅम’ लागत नाही.

मग रॅम किंवा आणखी काही पुसायची खरी वेळ कधी येते? परीक्षेला. आणि इथे प्रकरण तांत्रिक राहत नाही, मानवी होतं.

ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅम लिहिता येतो, म्हणजे मजकूरही लिहिता येतो, म्हणजे चिठ्ठीही नेता येते. परीक्षक म्हणतात, रॅम साफ करून दाखव. मुलगा दाखवतो: ‘रॅम क्लिअर्ड’. पण चिठ्ठी आर्काइव्हमध्ये असेल तर ती रॅम पुसूनही जिवंत. शिवाय मुलांनी असे प्रोग्रॅम लिहिले की जे काहीच पुसत नाहीत, नुसता तो पडदा हुबेहूब रंगवतात: मेन्यू खोटा, प्रश्न खोटा, निरोप खोटा. गणितातल्या कौशल्यापेक्षा नाट्यकौशल्य जास्त. खरं सांगायचं तर असा प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्या पोराला त्या परीक्षेत कॉपीची गरज नसावी. गरज पडते ती त्याच्याकडून तो उसना घेणाऱ्याला.

यावर कंपनीने काढलेला तोडगा म्हणजे प्रेस-टू-टेस्ट. यंत्र बंद असताना डावा बाण, उजवा बाण आणि ऑन या तिन्ही कळा एकदम धरायच्या. एक वेगळाच पडदा येतो, त्यावर कोनाचं एकक वगैरे ठरवून होकार द्यायचा. त्यानंतर यंत्रातले प्रोग्रॅम आणि अ‍ॅप्स कुलपात जातात. पुसले जात नाहीत, झाकले जातात. याद्या आणि साठवलेले आकडे मात्र साफ होतात, तेव्हा प्रयोगाच्या नोंदी यादीत असतील तर आधी उतरवून घ्या. बाहेर पडायला एकट्याने काही करता येत नाही हीच यातली हुशारी: दुसऱ्या कॅल्क्युलेटरला केबलने जोडून एखादी फाइल पाठवावी लागते, किंवा कॉम्प्युटरला जोडावं लागतं. म्हणजे परीक्षा चालू असताना कुणी गुपचूप कुलूप उघडू शकत नाही. परीक्षा संपल्यावर ‘माझे प्रोग्रॅम गेले’ म्हणून रडत आलेली पोरं मी पाहिलीत. ते गेलेले नसतात, केबलची वाट पाहत असतात. अशा वेळी चिडून कुणी ‘ऑल’ रिसेट मारला, की मग ते खरोखर जातात.

कुठल्या परीक्षेला काय लागतं हे मात्र आधी वाचून जावं, कारण नियम एकसारखे नाहीत. अमेरिकेतल्या एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज-पातळीच्या, परीक्षांना कॅल्क्युलेटरची मेमरी पुसावी लागत नाही. एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला टीआय-८९ सारखी, अक्षरांतली बीजगणितं स्वतः सोडवणारी यंत्रंच चालत नाहीत. तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा एसएटी आता कॉम्प्युटरवर झाली आणि तिच्यातच डेस्मॉस नावाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर बसवलेला आहे; पुण्या-मुंबईतून एसएटी देणाऱ्या मुलांनाही तोच. आपल्याकडे आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांना ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावाच लागतो, आणि परीक्षेला तो परीक्षा-मोडमध्ये टाकावा लागतो. बारावी बोर्डाची तऱ्हा तर तुम्हाला माहीत आहेच: लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही. माझ्याकडे एका बाकावर आयबीची मुलगी ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेऊन आणि शेजारी बोर्डाचा मुलगा लॉग टेबलची पिवळी पानं उलटत बसलेला असतो. दोघं एकमेकांकडे कुतूहलाने पाहतात.

बारावीनंतर तोच मुलगा इंजिनिअरिंगला जातो आणि कॅसिओचा साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतो. त्याचाही रिसेट सांगून टाकतो, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यात जास्त फोन त्याच्यासाठी येतात. एफएक्स-९९१ ईएस प्लसवर शिफ्ट, नऊ, तीन, बरोबरची कळ, मग एसी. नऊ नंतर एक दाबलं तर फक्त मांडणी, दोन दाबलं तर फक्त मेमरी, तीन म्हणजे दोन्ही. जुन्या एमएस मालिकेच्या यंत्रांवर शिफ्ट, मोड, तीन आणि बरोबर. नंतरच्या ईएक्स मालिकेवर पुन्हा शिफ्ट, नऊ, तीन. या यंत्रांत प्रोग्रॅम नसतात, त्यामुळे बिनधास्त सगळं पुसा, गमावण्यासारखं फार नसतं. फक्त नंतर दोन गोष्टींनी दचकू नका. उत्तरं वर्गमूळ आणि अपूर्णांकांत येऊ लागतील, दशांशासाठी ‘एस-डी’ची कळ दाबा. आणि ०.००५ सारखी छोटी संख्या ५ गुणिले दहाचा उणे तिसरा घात अशी दिसेल. सेटअपमध्ये नॉर्म १ च्या जागी नॉर्म २ केलं की ती पुन्हा साधी दिसते. कॅसिओच्या ग्राफिंग मॉडेलांवर, एफएक्स-सीजी ५० वगैरेंवर, मुख्य मेन्यूतून सिस्टीममध्ये जायचं आणि एफ-५ ने रिसेट उघडायचा. तिथेही मांडणी, मुख्य मेमरी, साठवण आणि सगळं असे वेगवेगळे पर्याय आहेत. ओटा आणि माळ्याचा हिशोब तोच.

राहिला टीआयचा तिसरा कप्पा, ‘ऑल’. त्यात एकच पर्याय: सगळी मेमरी. रॅम गेला, आर्काइव्ह गेलं, चांदणीवाले प्रोग्रॅम गेले, आणि अ‍ॅप्सही गेली. तुम्ही टाकलेली आणि खोक्यातून यंत्राबरोबर आलेलीसुद्धा. इथे ‘फॅक्टरी रिसेट’ या शब्दाची सगळी गडबड आहे. फोन रिसेट केला की तो नवा घेतल्यासारखा होतो, म्हणून इथेही तसंच होईल असं वाटतं. पण हे यंत्र नव्यापेक्षा रिकामं होतं: अ‍ॅप्स पुन्हा हवी असतील तर कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन केबलने चढवावी लागतात. आणि दुसऱ्या बाजूने ते नव्यापेक्षा नवंही राहतं, कारण मधल्या काळात कुणी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती चढवली असेल तर तिला रिसेट हात लावत नाही. भिंती नव्या, माळा मोकळा. खोक्यातून काढलं तेव्हाची स्थिती या मेन्यूतून कुठल्याच वाटेने परत येत नाही.

हे सगळं पुतणीला एका झटक्यात लिहिलं नाही, अर्थातच. पण आठवड्याने तिचा पुन्हा निरोप आला. कॅल्क्युलेटर मूळचा तिच्या थोरल्या भावाचा. तो आता कॉलेजला गेला. यंत्र त्याच्या जुन्या सामानाने भरलेलं होतं आणि तिला ते स्वच्छ हवं होतं. मी म्हटलं, ‘ऑल’ नको. सेकंड, मेम, दोन, मग सात. प्रोग्रॅमची यादी येईल. एकेका नावावर उभी राहा आणि नको असेल त्यावर डेल दाब.

तिने यादीचा फोटो पाठवला. तीन-चार खेळ, काहीतरी अर्धवट, आणि एक ‘क्वाड’, भावाने नववीत असताना वर्गसमीकरणं सोडवायला लिहिलेला. पुढे चांदणी होती. बाकीचे तिने पुसले.